युद्धाची परवानगी कोणी द्यायची? अमेरिकी उजव्यांमधलं न मिटणारं भांडण

उत्तररात्र (धागाकर्ता)

१५ मे २००७ रोजी साउथ कॅरोलिनात रिपब्लिकन पक्षातल्या अध्यक्षपदाच्या इच्छुकांची डिबेट झाली. टेक्सासचे खासदार रॉन पॉल तिथे म्हणाले की ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला मागचा इतिहास आहे. १९५३ मध्ये आपण इराणमध्ये ढवळाढवळ केली, इराकवर दहा वर्षं बॉम्ब टाकत राहिलो, या गोष्टी उलटतात. न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी यांनी त्यांना लगेच शब्द मागे घ्यायला सांगितलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पॉल यांनी शब्द मागे घेतले नाहीत.

लिबर्टेरियन (सरकारने कशातही कमीत कमी पडावं असं म्हणणारे) आणि कॉन्झर्व्हेटिव्ह (परंपरावादी) या दोघांना आपण इकडे सरसकट 'अमेरिकी उजवे' म्हणतो. कर कमी हवेत, सरकार लहान हवं, इथपर्यंत ते हातात हात घालून चालतात आणि परराष्ट्र धोरणाशी आले की फुटतात. माझं मत स्पष्ट आहे: या वादात पॉल यांची, म्हणजे लिबर्टेरियन बाजू बरोबर आहे. शाळेत काय शिकवावं, दवाखान्याचं बिल कोणी भरावं हे वॉशिंग्टनच्या बाबूंना कळत नाही असं म्हणणारा माणूस, त्याच बाबूंना बगदादमध्ये नवी लोकशाही उभारता येईल असं कशाच्या जोरावर म्हणतो? भाषा, टोळ्या, पंथ, जमिनीचे तंटे यातलं काहीच ठाऊक नसताना?

आणि हा प्रश्न फक्त शहाणपणाचा नाही, अधिकाराचा आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या कलमातल्या आठव्या विभागाने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिकडच्या संसदेला दिला आहे, अध्यक्षाला नाही. काँग्रेसने शेवटचं युद्ध रीतसर पुकारलं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतरचं कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान, लिबिया, सगळं कुठे अर्ध्यामुर्ध्या ठरावावर तर कुठे तेवढ्याही आधाराशिवाय. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकचा ठराव प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाला. विरोधात गेलेले रिपब्लिकन फक्त ६, पॉल त्यांतले एक. इराकमध्ये सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक गेले, इराकी माणसं किती गेली याचा तर हिशेबच लागत नाही. त्या सहांची बाजू त्या वेळी कोणी ऐकून घेतली असती तर?

ठाम

साफ असहमत. इराकचं उदाहरण घेतलंत कारण ते तुमच्या सोयीचं आहे. १९५०चा कोरिया घ्या. ट्रूमन यांनी काँग्रेसची परवानगी घेतली नाही, युद्ध पुकारलं नाही, सैन्य धाडलं. सुमारे ३६ हजार अमेरिकी सैनिकांचा बळी गेला. पण आज दोन कोरियांमधल्या ३८व्या अक्षांशाच्या दक्षिणेला काय आहे आणि उत्तरेला काय आहे ते बघा, आणि मग सांगा की ती मदत चूक होती.

सरकारचं पहिलं काम संरक्षण हे आहे. शाळा चालवणं हे सरकारचं काम आहे का यावर वाद होईल, शत्रूला थोपवणं हे काम आहे यावर नाही. त्यामुळे 'तिथे विश्वास नाही तर इथे कसा' हा तुमचा प्रश्नच मला लागू वाटत नाही. १९४०-४१ मध्ये 'अमेरिका फर्स्ट' नावाची समिती हेच सांगत होती: युरोपचं भांडण आपलं नाही. पर्ल हार्बर झालं आणि समिती गुंडाळावी लागली.

शिवाय ११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांविरुद्ध लष्करी बळ वापरू देणाऱ्या सप्टेंबर २००१ च्या ठरावाला खुद्द रॉन पॉल यांनी होकार दिला होता. प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ असं मतदान झालं, आणि ते एकमेव विरोधी मत बार्बरा ली या डेमोक्रॅट बाईंचं होतं.

उत्तररात्र

ठाम, पॉल यांच्या होकाराबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ज्यांनी हल्ला केला त्यांना शोधून मारा, इतकाच त्या ठरावाचा हेतू त्यांना मान्य होता. पुढे त्याच ठरावाच्या आधाराने येमेन, सोमालिया अशा कुठल्याकुठल्या देशांत कारवाया झाल्या. ली यांना जी भीती होती तीच खरी ठरली. एकदा कोरा चेक लिहून दिला की रक्कम दुसराच कोणीतरी भरतो.

कोरियाबद्दल तुम्ही एक गोष्ट सोडलीत. तेव्हाचे सर्वांत वजनदार कॉन्झर्व्हेटिव्ह सिनेटर ओहायोचे रॉबर्ट टाफ्ट. जून १९५० मध्ये त्यांनी सांगितलं होतं की अध्यक्षाला हा अधिकार नाही, पण ठराव आणा, मी बाजूने मत देईन. म्हणजे कोरियाला मदतही झाली असती आणि घटनाही राहिली असती. हेच टाफ्ट १९४९ मध्ये नाटोच्या विरोधात मत देणाऱ्या १३ सिनेटरांमध्ये होते. त्यांना भित्रा किंवा देशद्रोही म्हणायची कोणाची हिंमत होती? १९५२ मध्ये आयझेनहॉवर यांनी त्यांना उमेदवारीत हरवलं आणि पक्षातली ती सगळी परंपराच मागे पडली. शीतयुद्ध आहे तोवर मोठं सरकार सोसायला हवं, असं कॉन्झर्व्हेटिव्ह लेखक विल्यम बकली यांनी त्याच वर्षी लिहून टाकलं. लहान सरकारवाल्यांनी मोठं सरकार पत्करलं ते तिथे.

मुक्कामपोस्ट डॅलस

टाफ्टबद्दल सहमत. मी इथे कर भरतो म्हणून पैशाचं बोलतो. मे २०२२ मध्ये युक्रेनसाठी ४० अब्ज डॉलर्सचं विधेयक आलं. ते घाईने मंजूर करायला रॅंड पॉल (रॉन यांचा मुलगा, केंटकीचे सिनेटर) यांनी अडवलं. मागणी एवढीच की खर्चावर एक तपासनीस नेमा. पुतिनचा हस्तक म्हणून त्यांच्यावर लोक तुटून पडले! शेवटी ८६ विरुद्ध ११ मतांनी विधेयक मंजूर झालं. इथे रस्त्यावरचा खड्डा बुजवायलासुद्धा ऑडिट लागतं. इतक्या मोठ्या रकमेवर देखरेख मागणं हा गुन्हा कसा?

ठाम

देखरेख हवीच, त्यावर वाद नाही. पण त्या पैशातली बरीच शस्त्रं अमेरिकी कारखान्यांतच बनतात, आणि एकही अमेरिकी सैनिक न पाठवता रशियन लष्कराचं एवढं नुकसान पूर्वी कधी झालं होतं? रेगन यांचा वारसा सांगणाऱ्याने तरी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

उत्तररात्र

रेगन यांचा वारसा पूर्ण सांगा. ऑक्टोबर १९८३ मध्ये बैरुतच्या तळावर ट्रकबॉम्ब फुटला, २४१ अमेरिकी सैनिक ठार झाले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला रेगन यांनी सैन्य बाहेर काढलं. तिथेच गाडून घेऊन नवं लेबनॉन घडवायला ते बसले नाहीत.

जुनी पायवाट

तुम्ही दोघंही एक तिसरी बाजू विसरताय. पॅट ब्युकॅनन हे कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह, १९९१च्या आखाती युद्धालाही विरोध आणि २००३ च्या इराक युद्धालाही. पण आयातकर हवेत, सीमा बंद हव्यात. लिबर्टेरियनांना या शेवटच्या दोन्ही गोष्टी चालत नाहीत. आज 'अमेरिका फर्स्ट' म्हणणारे बहुतेक ब्युकॅननचे वारस आहेत, पॉल यांचे नव्हेत. युद्धविरोधात दोघं शेजारी दिसतात म्हणून एकच समजू नका. मला स्वतःला ब्युकॅनन जवळचे वाटतात: देश म्हणजे फक्त बाजार नव्हे, आणि सैन्य म्हणजे जगाचे पोलीसही नव्हेत.

अरबी समुद्र

आमच्या घरात दोन पिढ्या मर्चंट नेव्हीत आहेत, म्हणून लिहितो. मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात येमेनमधल्या हूती बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने एका मालवाहू जहाजावरचे खलाशी मारले. वाचलेल्यांना आपल्या आयएनएस कोलकाताने उचललं. कोकणातली, मुंबईतली कितीतरी मुलं त्या मार्गावरून जातात. अमेरिकी आरमार उद्या घरी परतलं तर तिथे कोण उभं राहणार? चीन? लिबर्टेरियन मुक्त व्यापार मागतात, तर मुक्त समुद्राची किंमतही त्यांनी मोजायला हवी. १८०१ मध्ये जेफरसन यांनीच चाच्यांविरुद्ध भूमध्य समुद्रात जहाजं पाठवली होती, हे त्यांनी विसरू नये.

उत्तररात्र

तुमचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. जहाजांना संरक्षण देणं आणि येमेनच्या जमिनीवर बॉम्ब टाकणं यांत मी फरक करतो. जानेवारी २०२४ मध्ये बायडन यांनी दुसरी गोष्ट सुरू केली, काँग्रेसला न विचारता. त्या हल्ल्यांनंतरही बहुतेक मोठ्या कंपन्या केप ऑफ गुड होपला वळसा घालूनच जात राहिल्या. जेफरसन यांनीही आपल्याला फक्त बचावाचा अधिकार आहे असं काँग्रेसला कळवून पुढची परवानगी मागितली होती, आणि काँग्रेसने ती दिली.

साधा वाचक

१९७१ कोणी आठवणार आहे की नाही? निक्सन यांनी बंगालच्या उपसागरात एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका पाठवली होती, आणि ऐंशीच्या दशकात अफगाणिस्तानसाठीची शस्त्रं पाकिस्तानच्या आयएसआयच्या हातून वाटली गेली. उलटून येणाऱ्या परिणामांत आपणही होरपळलो आहोत. मला पॉल पटतात.

ठाम

तो शीतयुद्धाचा हिशेब होता, आणि सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानातून निघून गेलं हेही त्याच हिशेबात धरा.

परवानगीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. जून २०२५ मध्ये अमेरिकी बी-२ बॉम्बर विमानांनी इराणच्या फोर्डो अणुकेंद्रावर हल्ला केला. एका रात्रीचं काम, आणि यश गुप्ततेवर अवलंबून. खासदार थॉमस मॅसी म्हणतात तसं आधी काँग्रेसमध्ये मतदान घ्यायचं म्हणजे तेहरानला तारीख कळवायची.

उत्तररात्र

१९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी पाच लाखांच्या आसपास सैन्य आखातात नेऊन ठेवलं होतं, सद्दामला सगळं दिसत होतं, तरीही त्यांनी काँग्रेसचं मत घेतलं. सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७. युद्ध हरले का?

फोर्डोच्या रात्रीला तुम्ही म्हणता ती सूट देऊ या. पण २७ जूनला सिनेटमध्ये विचारलं गेलं ते पुढच्याबद्दल: इराणविरुद्ध यापुढे काही करायचं तर आधी आमच्याकडे या. तेव्हा गुप्ततेचा प्रश्न उरलाच नव्हता. तो ठराव ४७ विरुद्ध ५३ असा पडला, आणि बाजूने मत देणारे रिपब्लिकन एकटे रॅंड पॉल. बाकीचे ५२ जण घटनेचं नाव घेऊनच निवडून आले आहेत.

ठाम

काँग्रेसच्या परवानगीविना अध्यक्षाला लढाई चालू ठेवायला १९७३ च्या कायद्याने घातलेली ६० दिवसांची मुदत मला मान्य आहे. २०११ मध्ये लिबियात ओबामांनी ती उलटू दिली तेव्हा मीही चिडलो होतो. पण पहिल्या रात्रीचा निर्णय अध्यक्षाचाच, आणि त्या ५३ जणांच्या जागी मी असतो तर मीही तसंच मत दिलं असतं.