घरखर्चाची तोंडमिळवणी होत नाहीये, कार्डावर ६४ हजार चढलेत – मदत हवी आहे

अबोली_चिंचवड

बरेच दिवस लिहू की नको करत होते. आज लिहितेच आहे, कारण काल दुपारी सासूबाईंच्या औषधांच्या डब्यात अर्ध्या अर्ध्या तोडलेल्या बीपीच्या गोळ्या सापडल्या. नीट चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवलेल्या. महिन्याचं पाकीट दोन महिने पुरावं म्हणून त्या रोज अर्धीच गोळी घेत होत्या. मी काही बोलले नाही, त्याही काही बोलल्या नाहीत. पण म्हणजे घरात पैशाची ओढाताण आहे हे त्यांना केव्हाच कळलंय, आणि मला वाटत होतं मी सगळं झाकून नेतेय.

आम्ही चिंचवडला भाड्याने राहतो. मी, हे, सासूबाई, मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. हे भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहेत. आधी ओटी (ओव्हरटाइम) धरून हातात ४६-४७ हजार यायचे. गेल्या दिवाळीनंतर ओटी बंद झाली, आता ३८,५०० येतात. मी घरी पहिली ते चौथीच्या मुलांची शिकवणी घेते, आठ मुलं, प्रत्येकी ६००, म्हणजे ४,८००. एकूण ४३,३००.

खर्च खरा खरा लिहिते, काही लपवत नाही. भाडं ११,५००. दोघांची शाळेची फी महिन्याला धरली तर ६,०००. मुलाची व्हॅन १,४००. किराणा ७,०००. दूध रोज दीड लिटर, २,७००. भाजी-फळं ३,५००. लाईट १,३००, गॅस ९००, मोबाईल आणि वायफाय १,१००. गाडीचा हप्ता ३,२०० (अजून सात राहिलेत). पेट्रोल २,०००. सासूबाईंची बीपी-शुगरची औषधं २,२००. विम्याचा वर्षाचा हप्ता जानेवारीत असतो, तो महिन्यावर धरून १,५००. भिशी ३,०००. बेरीज ४७,३००. यात कपडे नाहीत, सणवार नाही, कुणाचं लग्नकार्य नाही, ताप-सर्दीचा डॉक्टर नाही.

आता मुख्य गोष्ट. मी नोकरीला होते तेव्हाचं एक क्रेडिट कार्ड माझ्याकडे आहे. ओटी बंद झाल्यापासून किराणा मी त्यावर घेतेय, आणि दर महिन्याला फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरतेय. वाटलं होतं दोन-तीन महिन्यांत ओटी सुरू होईल. दहा महिने झाले. आज बाकी ६४ हजार आहे. ह्यांना यातलं काहीही माहीत नाही. ते पगार झाला की माझ्याकडे देतात आणि पुन्हा विचारत नाहीत, इतका विश्वास आहे. त्यामुळेच सांगायची हिंमत होत नाही.

आईने लग्नात घातलेल्या दोन पाटल्या आहेत, तीन तोळ्यांच्या. मोडून टाकू का? गौरी-गणपती तोंडावर आहेत, आमच्याकडे गौरी बसतात, नातेवाईक जेवायला असतात. पाटल्या हातात दिसल्या नाहीत तर पहिला प्रश्न तोच येईल.

माझे प्रश्न: पाटल्या मोडू का, भिशी सोडू का, आणि ह्यांना कसं सांगू. (लाडकी बहीण सुचवू नका, अडीच लाखांच्या अटीत आम्ही बसत नाही.)

जमाखर्च

आकडे इतके स्वच्छ दिलेत की उत्तर देणं सोपं झालं. आधी तुमच्या कार्डाचा हिशोब करू. स्टेटमेंटवर व्याजदर बघा, बहुतेक महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास असेल. ६४,००० वर साडेतीन टक्के म्हणजे २,२४०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ४०३. झाले २,६४३. मिनिमम ड्यू साधारण पाच टक्के, म्हणजे तुम्ही ३,२०० भरत असाल. त्यातलं मुद्दलात जातं साडेपाचशे. आणि त्याच महिन्यात तुम्ही ७,००० चा किराणा नव्याने चढवता. असं चालू राहिलं तर वर्षभरात हे कर्ज दुपटीच्या घरात जाईल.

आणखी एक, जे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पूर्ण बिल भरणाऱ्याला खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळतात. बाकी पुढे ओढली की ती सवलत जाते. म्हणजे तुम्ही घेतलेल्या तेलाच्या डब्यावर घेतल्या दिवसापासून व्याज लागतंय. तेव्हा पहिलं काम: आजपासून कार्डावर एक रुपयाचीही खरेदी नाही. किराणा रोखीने, कमी घ्या पण रोखीने.

गावाकडची

क्रेडिट कार्ड वापरावंच कशाला माणसाने? आमच्याकडे कधी कार्ड घेतलंच नाही.

मोगरा_नाशिक

वरच्या ताई, ती विचारतेय पुढे काय करू. मागे काय करायला नको होतं ते तिला आपल्यापेक्षा जास्त कळलंय.

अबोली, अगं पहिल्यांदा सासूबाईंच्या गोळ्या पूर्ण चालू कर. बीपीची गोळी अर्धी करून पैसे वाचत नाहीत, एकदा दवाखान्यात न्यावं लागलं तर सगळा हिशोब कोलमडेल. डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट सांग की औषधं परवडत नाहीयेत, कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून द्या. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. माझ्या सासऱ्यांची बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलची औषधं आम्ही तिथूनच घेतो, खर्च निम्म्याहून खाली आला. सगळी औषधं एकाच केंद्रात मिळतील असं नाही, दोन फेऱ्या माराव्या लागतात. आणि मनाने बदलू नकोस, मिलीग्रॅम तेच आहे ना हे डॉक्टरांना दाखवून घे.

सासूबाईंशी बोल गं. त्या अर्ध्या गोळ्या तुझ्यासाठीच वाचवत होत्या.

तारणवाले_काका

मी एका सहकारी बँकेत सोनेतारण विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून पाटल्यांविषयी लिहितो. मोडू नका. मोडताना घडणावळ बुडते, आणि उद्या तेवढ्याच वजनाच्या पुन्हा करायच्या म्हटलं तर नवी घडणावळ आणि सोन्यावर ३ टक्के जीएसटी वेगळा. शिवाय एकदा मोडलेला दागिना मध्यमवर्गीय घरात पुन्हा होत नाही, हे मी काउंटरवर बसून पाहिलं आहे.

तारण ठेवा. सोनेतारणाचं व्याज बँकेत ढोबळमानाने महिन्याला एक टक्क्याच्या आसपास पडतं. साडेतीन टक्क्यांचं कर्ज एक टक्क्याच्या कर्जाने फेडलं तर तोटा नाही. पण पूर्ण ६४ हजारांसाठी तारण ठेवू नका, लागेल तेवढंच घ्या. दोन्ही पाटल्या देऊ नका, एक द्या.

जाताना काळजी एवढी घ्या. पाटल्या भरीव आहेत की आत लाखेचं भरण आहे ते घरच्यांना विचारून ठेवा. लाख असेल तर बँकेचा सराफ ती वजा करून निव्वळ वजन धरेल, आणि मग माणूस तिथे हिरमुसतो. वजन तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं आणि पावतीवर ढोबळ आणि निव्वळ अशी दोन्ही वजनं हवीत. अधूनमधून हजार-दोन हजार मुद्दलात भरता येतात का, हे सही करायच्या आधी विचारा. मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. लिलावाची नोटीस कधी कधी नुसती तारीख विसरल्यानेही येते.

जमाखर्च

काकांशी सहमत. भिशीबद्दल थोडी माहिती द्या. किती जणींची आहे, किती झाल्या, तुमची लागली का?

अबोली_चिंचवड

सगळ्यांचे आभार. डोळ्यांत पाणी आलं वाचताना.

भिशी सोळा जणींची, चिठ्ठी काढून लागते. नऊ झाल्या, सात राहिल्यात. माझी अजून लागलेली नाही.

जमाखर्च

मग भिशी अजिबात सोडू नका! तुमचे २७ हजार त्यात आधीच गेलेत, आणि ४८ हजार तुमच्या हातात यायचे आहेत. जी बाई भिशी चालवते तिला आजच भेटा आणि सांगा की अडचण आहे, या वेळची मला द्या. चिठ्ठीच्या भिशीत अडलेल्या बाईला मधेच देतात, फक्त उरलेल्या सगळ्यांची संमती लागते.

आता मला दिसतंय ते सांगतो. तुमच्या गाडीचे सात हप्ते राहिलेत, भिशीचेही सात. म्हणजे मार्चनंतर दर महिन्याला ३,२०० अधिक ३,००० असे ६,२०० मोकळे होतात. तुमची महिन्याची तूट आहे ४,०००. ओटी सुरू झाली नाही तरी मार्चनंतर तुमचं घर याच पगारात चालतं. तुम्हाला आयुष्यभराची काटकसर करायची नाहीये, सात महिने महिन्याला चार हजारांची सोय करायची आहे.

मोगरा_नाशिक

हे किती छान मांडलंत.

चार हजारांपैकी हजार-बाराशे औषधांतून निघतील. दीड लिटर दूध कशाला लागतं ते बघ. मुलांचं कमी करू नकोस, पण चहाचं आणि दह्याचं वेगळं काढून बघ. आणि साय रोज साठव, आठवड्याला लोणी काढलंस तर तूप विकत आणावं लागणार नाही. भाजी रोज कोपऱ्यावरून अर्धा-पाव किलो घेतेस का? आठवड्यातून एकदा मंडईत जा, तेही संध्याकाळी उशिरा. पालेभाजी तेवढी ताजी घे, बाकी सगळं टिकतं.

शिकवणीच्या मुलांच्या आयांना सांग की दोन जागा आहेत. बाकी काही सांगायची गरज नाही.

पाऊसवेळ

नवऱ्याला सांगण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी नवऱ्याच्या जागी होतो. माझ्या बायकोने वर्षभर असंच एकटीने ओढलं आणि मला बँकेच्या फोनवरून कळलं. कर्जाचा राग नाही आला. ती रात्र रात्र जागी असायची आणि मी शेजारी झोपलेलो असायचो, हे आठवून फार वाईट वाटलं. तुमच्याकडून कळू दे त्यांना, बँकेकडून नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी सांगा, कामावरून आल्या आल्या नको. रडत सांगू नका, वर लिहिलेत तसे आकडे कागदावर लिहून समोर ठेवा. आणि सात महिन्यांचा हिशोबही त्याच कागदावर हवा. म्हणजे फक्त कर्ज न दिसता वाटही दिसेल.

अबोली_चिंचवड

अकरा दिवसांनी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, पुढे काय झालं ते सांगायलाच हवं.

रविवारी सकाळी मुलं खाली खेळायला गेल्यावर ह्यांच्यासमोर कागद ठेवला. ते बराच वेळ वाचत बसले. मग एवढंच म्हणाले, "दहा महिने?" त्या दिवशी जेवले, पण बोलले नाहीत. मी फार घाबरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे फर्स्ट शिफ्टला निघताना चपला घालता घालता म्हणाले, "भिशीवाल्या काकूंकडे मी येतो बरोबर. तू एकटी नको जाऊस."

काकूंनी ऐकून घेतलं. या महिन्याची भिशी एकीला मुलीच्या बाळंतपणासाठी आधीच कबूल केली होती, ती तिलाच मिळायला हवी होती. पुढची मला. सगळ्या जणी हो म्हणाल्या, एकीनेही कारण विचारलं नाही. तोवर एक पाटली तारण ठेवून ३० हजार उचलले आणि ते कार्डावर भरले. काका, आत लाख होती! तुमच्यामुळे आधी माहीत होतं, नाहीतर तिथेच रडले असते. आता कार्डावर ३४ हजार आहेत. पुढच्या महिन्यात भिशीतून ते व्याजासकट संपतील आणि उरलेले तारणावर जातील. तारणाचे सतरा-साडेसतरा हजार राहतील, ते मार्चनंतर फेडायचे ठरलंय. कार्ड ह्यांनी कापलं नाही. कपाटात ठेवलंय, बाकी शून्य झाल्याचं बँकेकडून लेखी मिळालं की बंद करू.

औषधं जनऔषधीतून आणली. २,२०० चे ९०० च्या आत आले, डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं पाहून हो म्हटलं. अर्धा लिटर दूध कमी केलं, ९०० वाचले. शिकवणीला दोन मुलं आली, १,२००. मोबाईलच्या रिचार्जमध्ये ३००. हे आता आठवड्यातून तीन दिवस खालच्या मजल्यावरच्या भाऊंच्या गाडीवर जातात, पेट्रोलचे ५०० कमी होतील. सगळे मिळून ४,२००. मी तीन वेळा बेरीज केली.

सासूबाईंना गोळ्यांबद्दल विचारलं. म्हणाल्या, "तू वही उघडून बसायचीस आणि पान उलटायची नाहीस, मला दिसत होतं." गौरींना यंदा नवीन साड्या नाहीत, त्यांच्या ठेवणीतल्या दोन इरकली नेसवायच्या असं त्यांनीच ठरवलं. पाहुण्यांना पुरणपोळीचंच जेवण आहे, पण बाहेरच्या ऑर्डरचं काही नाही. कटाची आमटी त्या करणार आहेत. उरलेली एक पाटली एका हातात आणि दुसऱ्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या घालणार आहे. कुणी विचारलं तर सांगेन की बँकेत आहे.

एक प्रश्न अजून आहे. मुलगी आठवीत आहे, तिला कुणकुण लागलीय. परवा शाळेच्या सहलीचा कागद तिने मला दाखवलाच नाही, दप्तर आवरताना मिळाला. सहल ८५० ची आहे आणि तिने जावं असं आम्हा दोघांनाही वाटतं. पैसे काढून ठेवलेत. पण तिला घरचे आकडे किती सांगावेत? सगळं सांगितलं तर ती आणखी काही मागायची नाही, आणि नाही सांगितलं तर मनात काहीतरी भलतंच धरून बसेल. ज्यांनी या वयाच्या मुलांना घरचा जमाखर्च दाखवला असेल त्यांनी कृपया लिहा, कागदाची शेवटची तारीख शुक्रवार आहे.