मे महिन्यातले पाहुणे: वाइन, नाटक, गोदाघाट आणि गच्चीवरची बैठक

बी-२०४: नमस्कार सोसायटीकर मंडळी. मेच्या दुसऱ्या शनिवारी पुण्याहून सहा पाहुणे आपल्या नाशिकला येतायत. त्यांना घडांनी लगडलेला द्राक्षमळा बघायचाय, वाइन चाखायचीय, रात्री नाटक. रविवारी संध्याकाळी गच्चीवर सोसायटीतले धरून तीसेक जणांची गाण्याची बैठक ठेवू म्हणतोय. कसं बसवावं?

ए-६०१: घड दिसणार नाहीत, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. वाइनच्या द्राक्षांची खुडणी जानेवारी ते मार्चमध्ये उरकते, एप्रिलमध्ये खरड छाटणी (जुन्या काड्या आखूड कापतात). मेमध्ये वेलीवर नुसत्या कोवळ्या काड्या असतात. पण बघण्यासारखं तेच आहे. काडीवर पानाच्या देठापाशी जो डोळा (फुटव्याची कळी) असतो, त्यात पुढच्या हंगामाचा घड याच उन्हात घडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी (फळांसाठीच्या) छाटणीनंतर तो बाहेर पडतो. पानांची गर्दी होऊन डोळ्यावर सावली पडली तर घडाऐवजी नुसती बाळी (आधाराला गुंडाळणारा तंतू) निघते, म्हणून विरळणी करतात. पाहुण्यांना एक काडी जवळून दाखवा.

बी-२०४: काका, हे माहीतच नव्हतं. मग जायचं कधी?

ए-६०१: गंगापूर धरणाकडे सुला, सोमा, यॉर्क या वाइनरी जवळजवळ आहेत. एकच निवडा. दुपारी साडेतीनला पोचा, आतली फेरी आणि टेस्टिंग उन्हाच्या वेळेत होऊन जातं, साडेपाचनंतर बाहेर बसा. टेस्टिंगचा क्रम मोडू नका: स्पार्कलिंग (फसफसणारी), व्हाइट, रोझे (गुलाबी), रेड, शेवटी गोड. आधी रेड घेतली तर नंतरची शेनिन ब्लाँसारखी व्हाइट पाण्यासारखी लागते. घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका. गाडी चालवणाऱ्याने प्यायचीच नाही. ओळखपत्रं सगळ्यांची.

सी-३०३: बाटल्या घेतल्यात तर डिकीत ठेवू नका हो! बंद गाडीत मेच्या दुपारी वाइन अक्षरशः शिजते, बूच वर येतं, चव उकडलेल्या फळासारखी होते. थर्माकोलचा डबा न्या, एसीच्या झोतापाशी ठेवा. निघताना शेवटी खरेदी, म्हणजे गाडी पुन्हा उन्हात थांबत नाही.

बी-२०४: ताई, घरी किती थंड करायची? आमच्याकडे रेड कपाटातच असते.

सी-३०३: रेड ‘रूम टेंपरेचर’ला म्हणतात ते १६-१८ अंशांचं. आपल्या खोलीत मेमध्ये ३२-३३ असतं, त्यात अल्कोहोलच नाकात जातं. रेड दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवून काढा. व्हाइट ८ ते १० अंश, स्पार्कलिंग ६ ते ८. फ्रिजमधून काढलेली व्हाइट दहा मिनिटं बाहेर राहू द्या, फार गार असली की वासच येत नाही.
घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर जाडं मीठ. वीस-पंचवीस मिनिटांत होते. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांमधल्या फटीत हवा असते. पाणी बाटलीला सगळीकडून लागतं.
स्पार्कलिंगची तार सोडल्यावर बूच अंगठ्याने दाबून धरायचं आणि फिरवायची बाटली, बूच नाही. आत टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. तोंड माणसांकडे नको.

ए-१०२: खायला मिसळ ठेवू का? नाशिकला आले म्हणजे मिसळ हवीच.

सी-३०३: मावशी, मिसळ सकाळीच द्या, वाइनबरोबर नको. रेडमधला तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. वाइनबरोबर आंबेडाळ करा, सॉव्हिन्यों ब्लाँ या आंबटसर व्हाइटला फार छान जाते. वाइनची आंबटाई पदार्थाइतकी तरी हवी, नाहीतर वाइन सपक लागते. कोथिंबीर वडी, सुरळीची वडीही चालेल, मिरची बेताची. आमरस मात्र ड्राय (गोड नसलेल्या) वाइनबरोबर अजिबात नको, वाइन आंबटढाण होते. त्याला लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड वाइन.

बी-५०५: नाटकाचं मी सांगतो. शनिवारी शालिमारच्या कालिदास नाट्यगृहात काय लागलंय ते बघून आधीच तिकिटं काढा, मग वाइनरीची वेळ ठरवा. उलटं केलंत की धावपळ. गंगापूर धरणाकडून शालिमारपर्यंत पाऊण तास धरा, पार्किंग शोधायला वेगळा. गाडी सोसायटीत लावून रिक्षाने गेलेलं बरं. पोट भरून, पाणी पिऊन जा. वाइननंतर एसीत बसलं की पहिल्याच अंकात डोळा लागतो. चांगला प्रयोग न सापडल्यास गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, मे महिन्यात, यशवंतराव महाराज पटांगणावर. उघड्यावर, नदीकाठी. मला तर तीच जास्त आवडते.

ए-३०४: रविवारी सकाळी घाटावर न्या, पाहुण्यांत कोणी चित्र काढत असेल तर नक्कीच. साडेसहाला बसायचं, साडेआठला उठायचं. नंतर ऊन डोक्यावर येतं, सावल्या आखडतात, आणि कागदावर वॉश (जलरंगाचा पातळ थर) पसरायच्या आतच वाळून त्याच्या कडा उमटतात. ३०० जीएसएमचा (जाडसर) कागद मागूनही ओला करा, पाण्याची फवारणी जवळ असू द्या. नारोशंकराच्या मंदिराचा काळा दगड काळ्या रंगाने करू नका, मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. सकाळी दगडाच्या उजेडातल्या बाजूला सिएना जास्त, सावलीत निळा जास्त.

बी-२०४: वा! आणि गच्ची?

बी-५०५: स्लॅब रात्री आठपर्यंत आग ओकतो. साडेपाचला पाणी मारा, त्यानंतर मारू नका. उशिरा मारलं तर ओल राहते आणि तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडून स्वर उतरतो. कोरड्या उष्ण हवेत उलट चढतो. म्हणून तबला तासभर आधी वर आणून झाकून ठेवा, मग लावा. एसीतून काढून लगेच वाजवायला घेतलात तर दर दहा मिनिटांनी स्वर जुळवायला हातोडी. सूर्यास्त सातच्या आसपास, तेव्हा सुरुवात मारवा किंवा पूरिया धनाश्री या संध्याकाळच्या रागाने, मग यमन.
स्पीकर लावणार असाल तर दहाला बंद, कायदाच आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. खरं तर तीस माणसांसाठी स्पीकर नकोच.

सेक्रेटरी, ए-४०२: गच्चीवर वाइन वाटायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना लागेल आणि कमिटीची लेखी संमतीही. नसेल तर बैठकीला पन्हं आणि कोकम सरबत ठेवा. गच्चीची किल्ली रविवारी चार वाजता वॉचमनकडे ठेवतो.

बी-२०४: पन्हंच ठेवतो. मावशी, दीड किलो कैऱ्या पुरतील का?

ए-१०२: तीस जणांना दोन किलो घे. गूळ गराच्या दीडपट घाल, वेलदोडा आयत्या वेळी. आणि शनिवारीच उकडून ठेव रे.