प्रतिसाद: टेस्टोस्टेरॉन तळाला, तरी पीएसए का चढतोय?

दादा, तुम्ही विचारलंय की प्रोस्टेट कॅन्सरच्या इंजेक्शननं वडिलांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) पार खाली आलंय तरी पीएसए (प्रोस्टेटचं रक्तात मोजतात ते प्रथिन, कॅन्सर वाढला की बहुधा तेही वाढतं) परत का वाढतोय, आमच्याकडून गोळ्या चुकल्या का. तसं मनात आणूच नका. आमच्या काकांचं (रंकाळ्याला रोज फेरी मारणारा माणूस) असंच झालेलं, तेव्हा मीपण घरच्यांनाच दोष देत बसलेलो.

हार्मोन तोडलं की हा कॅन्सर आटतो हे सर्जन चार्ल्स हगिन्सनी १९४१ मध्येच दाखवलं, त्यांना १९६६ ला नोबेलही मिळालं. पण काही पेशी तग धरतात बघा, कुणाकडं अँड्रोजन रिसेप्टरच्या (पेशीत हे हार्मोन पकडणारं प्रथिन) जीनच्या जादा कॉप्या असतात मग उरलंसुरलं हार्मोनपण पुरतं, कुणी स्वतःच हार्मोन बनवतात, आबिराटेरोन ही गोळी त्यावरच मारा करते. आणि सगळ्यात चिवट तो एआर-व्ही७, या तोकड्या रिसेप्टरला हार्मोन चिकटायची जागाच नसते तरी तो आपला चालूच, आणि एन्झालुटामाइड ही रिसेप्टर अडवणारी गोळी नेमकी त्याच जागेवर बसते, मग ती धरणार कुठं?

इंजेक्शन मात्र मनानं बंद करू नका, मूळ रिसेप्टर बऱ्याचदा चालूच असतो. पुढच्या व्हिजिटला डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधाबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा, त्याचं काम या रिसेप्टरवर अवलंबून नसतं.