गायरोप्लेन किट आणि इलेक्ट्रिक तीनचाकी एकाच कारखान्यात: नाक खाली जाणं, चाक उचलणं, चढावर बंद पडणं

नळीकाम यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. छोट्या कारखान्यात दोन वस्तू तयार होतात: एकआसनी गायरोप्लेनचं (वर मोकळेपणी फिरणारा रोटर, मागून ढकलणारा पंखा) जोडणी-किट आणि इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकी (पुढे एक चाक, मागे दोन). दोन्हींचे नमुने तयार आहेत, पण गिऱ्हाइकाला देण्याआधी तीन गोष्टी सुटायला हव्यात.

गायरो: बेनसन पद्धतीची चौकट, ५० × ५० मिमी चौकोनी नळी, जाडी ३.२ मिमी, ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियम. ६५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअरबॉक्स, १५२४ मिमी (६० इंची) पंखा. थ्रॉटल एकदम उघडला की नाक खाली जातं, बंद केला की वर येतं. वेग वाढला की स्टिक (रोटर झुकवणारा दांडा) सतत पुढे-मागे करत राहावी लागते.

तीनचाकी: पुढच्या-मागच्या चाकांत २००० मिमी, मागच्या दोन चाकांत ११०० मिमी, मालासकट ४०० किलो. वळणावर ब्रेक लावला की आतलं मागचं चाक उचलतं. बॅटरी ४८ व्होल्टची, एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट) १६ सेल. भरल्या गाडीने चढ चढताना अचानक बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होते.

गायरोला मोठं आडवं शेपूट लावून भागेल का? तीनचाकीची ४० किलोची बॅटरी सीटखालून काढून फरशीखाली नेली तर पुरेल का? आणि नटबोल्टांचा साठा दोन्हींसाठी एकच ठेवला तर काही बिघडतं का?

---

ओळंबा यांचं उत्तर:

आधी गायरोबद्दल, आणि सगळ्यात आधी हे: गुरुत्वमध्याची उंची मोजून होईपर्यंत ते यंत्र उडवू नका. तुम्ही सांगितलेलं लक्षण पंख्याची रेषा (त्याचा जोर जिथून लागतो ती) गुरुत्वमध्याच्या बरीच वरून जात असल्याचं आहे. नुसत्या मोठ्या आडव्या शेपटाने ते सुटणार नाही.

पंखा वरून ढकलतो, म्हणून नाक खाली जाऊ पाहतं. सरळ उड्डाणात ते तोलायला रोटरची ओढ गुरुत्वमध्याच्या पुढून जावी लागते. इथेच घात आहे. वाऱ्याचा झोत खालून आला, रोटरची ओढ वाढली, की नाक आणखी वर जातं आणि रोटरचा कोन आणखी वाढतो. म्हणजे यंत्र स्वतःला सावरत नाही, चूक वाढवत नेतं. उलट स्टिक झटक्याने पुढे गेली किंवा वरून झोत आला, की रोटरवरचा भार हलका होतो. नाक धरून ठेवणारी ओढ गेली, पंखा मात्र ढकलतोच आहे. यंत्र पुढच्या पुढे कोलांटी खातं. भार गेल्यावर रोटरचे फेरेही उतरतात, आणि ते परत मिळवायला वेळ उरत नाही. यंत्र डुलायला लागलं तर पहिला हात थ्रॉटलकडे, तो कमी करायचा. स्टिक स्थिर धरायची, डुलण्याच्या मागे लागायचं नाही.

बेनसनच्या मूळ बी-८एम गायरोप्लेनमध्ये मॅककलक इंजिन पंख्याला थेट जोडलेलं होतं, पंखा लहान होता. त्याच चौकटीवर गिअरबॉक्स आणि ६० इंची पंखा बसवला की पात्याचं टोक कीलला (चौकटीच्या तळाच्या लांब नळीला) लागू नये म्हणून इंजिन वर चढवावं लागतं. सीट मात्र जुन्याच जागी राहते. रेषा वर गेली ती अशी.

गुरुत्वमध्याची उंची मोजायची एक पद्धत म्हणजे दुहेरी टांगणी. पाती काढायची, चालक सीटवर बसवायचा, टाकी अर्धी भरायची, स्टिक बांधून टाकायची. टीटर बोल्टमधून (रोटर ज्यावर डोलतो तो बोल्ट) यंत्र टांगायचं, त्याच बोल्टवरून ओळंबा सोडायचा आणि दोरीची रेघ मास्टवर (रोटर धरणाऱ्या उभ्या नळीवर) व सीटच्या कडेवर खडूने मारायची. मग दुसऱ्या बिंदूतून टांगून दुसरी रेघ. दोन्ही रेघा छेदतात तिथे गुरुत्वमध्य. गफलत होते ती दुसरा बिंदू पहिल्याच्या अगदी जवळ घेतल्यामुळे. रेघा १० अंशांत छेदल्या तर ५ मिमीची चूक छेदबिंदूवर जवळजवळ ३० मिमी होते. ३० अंशांत छेदल्या तर १० मिमी. खडूची रेघच ३ मिमी जाड असते हे लक्षात घ्या.

पंख्याची रेषा आणि गुरुत्वमध्य यांच्या उंचीतला फरक ५० मिमीच्या आत आणायचं धरून चला. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं.

---

शेपूटवाला यांचं उत्तर:

आडव्या शेपटाला इतकं बाजूला टाकू नये. डुलणं मंद करायला ते लागतंच, आणि पंख्याच्या झोतात, शक्य तितकं मागे बसवलं तर थ्रॉटल उघडल्यावर त्याचाही आधार मिळतो. शेपूट नसलेलं किट कोणी विकू नये असं माझं ठाम मत आहे.

---

ओळंबा:

शेपूट हवंच, त्यात वाद नाही. पण ते रेषेच्या फरकाची भरपाई नव्हे. ग्लासगो विद्यापीठात गायरोप्लेनच्या स्थैर्यावर झालेल्या अभ्यासातही सर्वांत मोठा परिणाम पंख्याची रेषा आणि गुरुत्वमध्य यांतल्या उभ्या अंतराचाच दिसला; शेपटाचा त्यामानाने थोडा. झोतातलं शेपूट थ्रॉटलवर अवलंबून असतं, ही दुसरी अडचण. इंजिन बंद पडलं की त्याचं बळही घटतं.

हिशेब करून बघा. उभ्या जागी पंख्याचा जोर १५० किलो धरला आणि फरक १५० मिमी असला, तर नाक खाली ओढणारा पीळ २२.५ किलोग्रॅम-मीटर. एकूण वजन २७० किलो असेल तर तो तोलायला रोटरची ओढ ८३ मिमी पुढे सरकावी लागेल. सरळ उड्डाणात जोर कमी असतो, तेव्हा आकडा उतरेल, पण दिशा तीच.

---

त्रिचक्री यांचं उत्तर:

टांगायला पुरेसं उंच छत नसेल तर वजनकाट्यावरही उंची निघते. तीच रीत गायरो आणि तीनचाकी दोन्हींना लागू पडते, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

तीन चाकांखाली तीन काटे. स्प्रिंग किंवा शॉकच्या जागी लाकडी ठोकळा किंवा पट्टी घालून सस्पेन्शन जाम करायचं. ब्रेक सोडलेला, चाकं मोकळी. आधी पुढच्या-मागच्या आसांची रेषा सपाट ठेवून वजन घ्यायचं. मग एक टोक उचलून कोन डिजिटल पाणसळीने मोजायचा आणि खालच्या टोकावर किती वजन वाढलं ते बघायचं.

आसापासून उंची = (वाढलेलं वजन × चाकांतलं अंतर) ÷ (एकूण वजन × कोनाचा टॅन)

त्यात आसाची जमिनीपासूनची उंची मिळवली की झालं. कोन १५ अंशांचा घेतला तर टॅन ०.२६८. तुमच्या गायरोत चाकांतलं अंतर १५०० मिमी आणि वजन २७० किलो धरलं, तर काट्याच्या १ किलोच्या चुकीने उंचीत २१ मिमी फरक पडतो. २५ अंशांवर तीच चूक १२ मिमीवर येते. म्हणून जास्त उचला. शेपटाचं छोटं चाक टेकत असेल तर मुख्य चाकांखाली काट्यासकट ठोकळे द्या. टाकी अर्धी असेल तर कोनात पेट्रोल मागे वाहतं आणि आकडा बिघडतो, म्हणून या रीतीत टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी.

आता तीनचाकी. पुढे एक चाक असलेली गाडी उलटते ती पुढचं चाक आणि बाहेरचं मागचं चाक जोडणाऱ्या तिरक्या रेषेवर. त्यामुळे गुरुत्वमध्य मागच्या आसापासून जितका पुढे, तितकी उपयोगी रुंदी कमी. भरल्या गाडीत तो पुढच्या चाकापासून १३०० मिमी मागे आणि ६०० मिमी उंच धरला, तर ५५० × ०.६५ ÷ ६०० = ०.६० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६० पट आडवा प्रवेग झाला की गाडी उलटते). १० मीटर त्रिज्येच्या वळणावर हे ताशी साधारण २७ किमी. त्यात ०.३ जी चा ब्रेक लावा. हिशेबात गुरुत्वमध्य १८० मिमी पुढे सरकल्यासारखा होतो आणि मर्यादा ०.५१ जी वर येते. तुमचं चाक ब्रेक लावतानाच का उचलतं ते यात आलं. टायर दबतो, स्प्रिंग झुकते, माल सरकतो, तेव्हा प्रत्यक्षातला आकडा याहून खाली धरा.

बॅटरी खाली नेल्याने काय मिळतं? ४० किलो वजन २५० मिमी खाली आणलं तर ४०० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य फक्त २५ मिमी उतरतो. जरूर न्या, पण त्यावर विसंबू नका. मागची रुंदी ११०० वरून १३०० मिमी केली तर ०.६० चे ०.७० होतात. मालाच्या हौद्याची फरशी १०० मिमी खाली आणणं हा दुसरा मोठा फायदा, कारण सगळ्यात जड वस्तू मालच आहे. हौद्याच्या आत भरण्याच्या कमाल उंचीची रेघ रंगवा आणि त्या उंचीपर्यंत भरून चाचणी घ्या. रिकाम्या गाडीची चाचणी वेगळी, कारण तेव्हा गुरुत्वमध्य खाली असला तरी पुढे गेलेला असतो.

---

ओहम यांचं उत्तर:

चढावर बंद पडताना डिस्प्ले बघा. तो पूर्ण विझला तर बीएमएसने (सेल जपणाऱ्या सर्किटने) बॅटरी तोडली आहे. डिस्प्ले चालू राहून फक्त मोटर थांबली तर कंट्रोलरने कमी व्होल्टेजमुळे किंवा गरम झाल्यामुळे हात वर केले.

१० टक्के चढ, ४०० किलो, ताशी १४ किमी: चाकांवर साधारण १.८ किलोवॅट लागतात. कमी फेऱ्यांवर मोटर-कंट्रोलर मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीतून ५० ते ५५ अँपिअर. चढावर थांबून पुन्हा निघताना याच्या दुपटीवर सहज जातं. बीएमएसची सततची मर्यादा याच्या जेमतेम वर असेल तर ते तोडणारच.

पण मर्यादा पुरेशी असूनही तुटत असेल तर एखादा सेल कमजोर आहे. पॅकचं एकूण व्होल्टेज ठीक दिसतं आणि फसवतं. भार असताना १६ही सेल वेगवेगळे मोजा. पंधरा सेल ३.१ वर आणि एक २.५ वर आला की बीएमएस त्या एकासाठी सगळं बंद करतं. भार गेला की तो सेल सावरतो आणि गाडी पुन्हा चालू होते. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे.

सेल ठीक निघाले तर सांधे. भार चालू असताना मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या खांबावर आणि दुसरी त्याच तारेच्या पलीकडच्या लगवर (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कानावर) ठेवा. १६ चौ. मिमी तांब्याच्या दोन मीटर तारेत १०० अँपिअरला ०.२ व्होल्टच्या आसपास पडायला हवेत. १ व्होल्ट दिसला तर लग नीट दाबलेला नाही. तिथे ८० वॅटच्या आसपास उष्णता होते आहे, आणि तारेवरचं आवरण लगजवळ कडक व तपकिरी झालेलं दिसेल. लगला वरून सोल्डर ओतू नका. तार कापा, नवा लग घ्या, षट्‌कोनी डायच्या हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा.

---

नळीकाम:

सर्वांचे आभार. काट्यावर मोजलं, टाकी रिकामी करून टाकीच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी बांधली. गायरोचं एकूण वजन २७० किलो, चाकांतलं अंतर १५०० मिमी, १५ अंशांवर मुख्य चाकांवर ३४.५ किलो वाढले. आसापासून ७१५, आस जमिनीपासून १८०, म्हणजे ८९५ मिमी. पंख्याची रेषा १०५० वर. फरक १५५ मिमी. २५ अंशांवर परत मोजतो. तीनचाकीत एक सेल २.४ वर जातो.

---

ओळंबा:

मग दोन्ही बाजूंनी यावं लागेल. चालकासकट सीट आणि सीटखालची टाकी मिळून ११० किलो धरले तर ती १५० मिमी वर नेल्याने गुरुत्वमध्य ६१ मिमी चढतो. इंजिन ६० मिमी खाली घ्या. त्याने गुरुत्वमध्य ११ मिमी उतरतो. १५५ − ६१ − ६० + ११ = ४५ मिमी. इंजिन खाली घ्यायला पंख्याखालची कील तेवढीच खाली न्यावी लागेल, म्हणजे पायरीची कील. पंखा कापून लहान करू नका, जोर जातो.

मग टीटर बोल्टमधून पुन्हा टांगून चौकट किती अंश नाक खाली करून लटकते ते बघा आणि मास्टच्या माथ्याच्या पट्ट्यांनी ते मूळ आराखड्यातल्या आकड्यावर आणा. स्टिक पूर्ण मागे असताना रोटर पंख्यापासून आणि शेपटापासून किती दूर राहतो, तेही तपासा.

बोल्टचा साठा एकत्र ठेवू नका. एएन बोल्टचा (विमानांसाठीचा प्रमाणित बोल्ट) बिनआट्याचा कणा ठरावीक मापाचा असतो, भोक रीमरने त्याच मापात करायचं आणि आटे नळीच्या भिंतीत येता कामा नयेत. बाजारी पूर्ण आट्याचा बोल्ट तिथे गेला की आटे अ‍ॅल्युमिनियम खातात आणि भोक लांबट होतं. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून कपाटंच वेगळी हवीत. पाव इंची एएन-४ ला ताणाच्या नटसाठी आवळण्याचा पीळ ५.६ ते ७.९ न्यूटन-मीटर. चौकोनी नळीच्या आत बुशिंग नसेल तर तेवढ्यानेही भिंत आत दबते. टीटर बोल्टसारख्या फिरत्या सांध्यावर खाचांचा नट आणि कॉटर पिन, नायलॉकवर (नायलॉनच्या कड्याच्या नटवर) भागवायचं नाही. आणि ६०६१-टी६ ला वेल्डिंग नको, सांध्याजवळची ताकद निम्म्यावर येऊ शकते. तीनचाकीची स्टीलची चौकट वेल्ड करा, गायरोची बोल्टनेच.

---

त्रिचक्री:

एक राहिलं. गायरोही जमिनीवर तीनचाकीच आहे. सीट वर आणि इंजिन खाली नेल्यावर तुमचा गुरुत्वमध्य ८९५ वरून ९४५ मिमीवर जाईल. मुख्य चाकांत १६०० मिमी अंतर आणि त्यांच्यावर ८० टक्के भार धरला, तर उलटण्याची मर्यादा ०.७२ वरून ०.६८ जी वर येते. आडव्या वाऱ्यात उतरल्यावर हा फरक जाणवतो. मुख्य चाकांचा आस प्रत्येक बाजूला ५० मिमीने लांबवा, म्हणजे गेलेलं परत मिळेल.