मदत हवी आहे: फोंडा (गोवा) ते दिल्ली, विमानतळ मोपा घ्यावं की दाबोळी? अंतर आणि वेळेचा घोळ

अंत्रुजकर:
डिसेंबरात आई-बाबांना दिल्लीला जायचंय, मंगळवारी. नवी दिल्ली स्टेशनवरून संध्याकाळी ६ ची गाडी आहे. मोपाहून सकाळी ११ चं विमान मिळतंय, दाबोळीहून दुपारी १:३० चं. दाबोळी आम्हाला जवळ. एका साइटवर अंतर १५०० किमी, दुसरीकडे १९००. विमान ताशी ८०० ने जातं तर तिकिटावर २ तास ४० मिनिटं कशी? मुंबईमार्गे स्वस्त आहे, ते चालेल का? जाणकारांनी सांगावं.

धावपट्टी२६:
१९०० हे रस्त्याचं. हवाई अंतर दाबोळीहून साधारण १५०५, मोपाहून १४६५ किमी. चाळीस किमी म्हणजे हवेत तीन मिनिटं, तो फरक विसरा.

तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. हवेत सव्वादोन तासांच्या आसपास, कारण चढताना-उतरताना वेग कमी आणि मार्गही सरळ रेषेत नसतो. बाकी वेळ जमिनीवर सरकण्यात जातो. दिल्लीत उतरल्यावर लांबची धावपट्टी मिळाली तर टर्मिनलला टेकायलाच पंधरा मिनिटं. शिवाय कंपन्या थोडी फट ठेवूनच वेळ छापतात.

मुंबईमार्गे अंतर जेमतेम ६० किमीने वाढतं, वेळ मात्र दुप्पट. दोन वेगळी तिकिटं असतील तर बॅग मुंबईत घेऊन पुन्हा द्यावी लागते, कधी टर्मिनलही बदलावं लागतं. वडीलधाऱ्यांना नको तो व्याप.

बार्देशवाला:
६ च्या गाडीसाठी मोपाचंच घ्या. दाबोळीचं ४:१० ला टेकणार, बॅग हातात यायला ४:४०, स्टेशनवर ५:१५-५:३०. अर्धा तास उशीर झाला की गाडी गेली. दाबोळी नौदलाचा तळ, आठवड्याच्या दिवशी सकाळी त्यांचा सराव असतो, म्हणून तिथे त्या वेळचं विमान शोधत बसू नका.

फोंड्याहून दाबोळी ४० किमीच्या आसपास, मोपा ६०. पण मोपाच्या महामार्गावर मधे पर्वरी लागतं! उड्डाणपुलाचं काम चालू असेल तर तिथे कधी किती अडकाल नेम नाही. माशेल, आमोणे पूल, डिचोली, अस्नोडा, थिवी करत कोलवाळला महामार्गावर या, मग धारगळहून विमानतळाचा जोडरस्ता. सात वाजता निघा. बॅगेचा काउंटर बहुधा ६० मिनिटं आधी बंद होतो, म्हणजे १० ला; गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी.

आणि टॅक्सीवाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' सांगू नका. तिकिटावर जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी.

अंत्रुजकर:
देव बरें करूं. धुक्याचं काय?

धावपट्टी२६:
दिल्लीचं धुकं पहाटेचं, दुपारपर्यंत बहुतेक विरतं. पण तुमचं ११ चं विमान सकाळी दिल्लीहूनच येणार असेल तर तिथे अडकलं की इथेही उशीर. आदल्या दिवशी ॲपवर ते कुठून येतं ते बघून ठेवा. दिल्लीत टर्मिनलही बघा: टी३ ला उतरलात तर एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोने नवी दिल्ली वीसेक मिनिटं. टी१ ला ती लाइन नाही, तिथून टॅक्सी करा आणि तासभर धरा.