'येऊन पाहा' : पर्वरीतल्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

शनिवार, ६ डिसेंबर

सेक्रेटरी (ए-१०१), रात्री ८.१२
नमस्कार मंडळी. आज दुपारपासून ग्रुपवर येशूबद्दलचे अकरा फॉरवर्ड आले. शेवटच्यात 'दहा जणांना पाठवा' असंही होतं. तिघांनी मला फोन करून नाराजी कळवली. हा ग्रुप टँकर, लिफ्ट आणि पार्किंगसाठी आहे. कुठल्याही धर्माचे संदेश इथे नकोत, ही विनंती.

ए-४०२ (नवे भाडेकरू), ८.२०
माफ करा. कोणाला दुखवायचं नव्हतं. आम्ही गेल्या महिन्यात इथे आलो, अजून कोणाशी ओळख नाही. नाताळ जवळ आलाय, आपल्या मनातलं सगळ्यांना सांगावं असं वाटलं. डिलीट करतो.

ताई (बी-२०४), ९.०५
सेक्रेटरी भाऊ, तुमचं म्हणणं मला पटतं. तरी आज थोडं लिहू द्या, कारण हा विषय माझ्या जिवाचा आहे.

मीही ख्रिस्ती आहे, नगरकडची. त्या अकरा संदेशांतला पहिला मी उघडला आणि बाकीचे न वाचता वर सरकवले. माझ्याच प्रभूबद्दलचे होते तरी! ते कोणाला उद्देशून लिहिलेत तेच कळत नव्हतं. आपल्याला कोणी हाक मारली, असं त्यात कुठेच वाटलं नाही.

चार वर्षांपूर्वी मी इथे नोकरीला आले, तेव्हा खालच्या बी-२ मधल्या वहिनींनी पहिल्याच आठवड्यात सोलकढीचं पातेलं पाठवलं होतं. ते रिकामं कसं परत करायचं म्हणून मी करंज्या भरून दिल्या. मग ते पातेलं वर्षभर वरखाली करत राहिलं. डिसेंबर आला. आमच्या मराठी उपासनेत नाताळची गाणी असतात, तिथे वहिनींना बोलवावं असं फार वाटत होतं. तीन आठवडे गेले. रोज जिना उतरताना ठरवायचे आणि त्यांच्या दारापुढून तशीच निघून जायचे. त्यांना वाटेल, हिने करंज्या यासाठीच दिल्या, ही भीती होती.

शेवटी दारात उभी राहून एवढंच म्हटलं, "वहिनी, रविवारी आमच्याकडे नाताळची भक्ती आहे. मला तिथे फार आनंद मिळतो. तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही जमलं तरी काही नाही."

वहिनी (बी-२), ९.१४
आणि मी नाही म्हटलं होतं 🙏 आमच्याकडे मार्गशीर्षातला गुरुवार झालेला, घरात पाहुणे, आणि खरं सांगायचं तर हे काय म्हणतील ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ही बाई नेहमीसारखी चहाला आली. त्या विषयाचा एक शब्द काढला नाही. मला तेच लक्षात राहिलं. पुढच्या वर्षी मीच विचारलं, तुमची ती भक्ती कधी आहे म्हणून.

गेले, मागच्या बाकावर बसले, गाणी ऐकली. मराठीत होती, अभंगासारखी. एका ओळीला डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन देवापुढे दिवा लावला. माझा देव तोच आहे. पण ताईचा देव कोण, हे आता मला माहीत आहे.

सर (ए-३०३), ९.४०
वहिनी, ताई, तुम्हां दोघींबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण हा विषय गोव्यात निघाला की मला गप्प बसवत नाही.

चौतीस वर्षं मराठी शिकवली. फादर स्टीफन्स हे इंग्रज, १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. अक्षरं रोमन, भाषा मराठी, छंद ओवीचा. नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी वाचायला काही हवं होतं, म्हणून त्यांनी ते रचलं. मराठीवर परकीयाने इतकं प्रेम केलेलं पाहून आजही ऊर भरून येतो. वर्गात त्या ओव्या म्हणताना माझा आवाज हलायचा.

पण त्याच शतकात, १५६० च्या सुमारास, मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला न्यावं लागलं. पोर्तुगीज अमलाबाहेर. १५६० मध्येच इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं, ते मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. माझी आजी देव पळवून नेल्याची गोष्ट सांगायची, तेव्हा जणू काल रात्री घडल्यासारखी आवाज खाली करायची. 'आमंत्रण' या शब्दाच्या मागे आमच्या कानात अजून दुसरं काही वाजतं. ताईंनी रागावू नये.

ताई (बी-२०४), ९.५८
सर, रागावण्यासारखं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. जे जबरदस्तीने झालं ते पाप होतं. माझ्या प्रभूच्या नावाने झालं म्हणून मला ते जास्त लागतं. त्याची सफाई मी देणार नाही.

उलट, म्हणूनच मला आमंत्रण साधं हवं असतं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला आपण आमंत्रण दिलेलंच नसतं. हे मी स्वतः चुकून शिकले. नर्स म्हणून नवी होते, तेव्हा एका आजींना ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी न विचारताच हात धरून प्रार्थना केली. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी त्यांच्या मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, "आईला हे चालेल का, ते विचारलं होतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजींच्या हाताला सलाईन होतं. नळ्या लावलेल्या होत्या. त्यांना उठून जाता आलं नसतं, आणि रात्री पाणी मीच देणार होते. मी मुलीची माफी मागितली, आजींचीही. तेव्हापासून वॉर्डात पेशंटने आपणहून विचारल्याशिवाय मी काही बोलत नाही. मनातल्या मनात मात्र प्रत्येकासाठी मागते.

वकील मॅडम (सी-३०१), १०.०३
कायद्याचं थोडक्यात. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माच्या प्रसाराचंही स्वातंत्र्य आहे. १९७७ साली स्टॅनिस्लाउस खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. ताई जे करतात ते पहिल्या भागात बसतं.

अंकल (सी-१०२), १०.१७
(अंकलची व्हॉइस नोट आहे, मी सून लिहून देते. त्यांना देवनागरी टाईप होत नाही.)

बाय, तू बोलतेस ते मी ऐकलं. आम्ही कॅथलिक. तीस वर्षं दर नाताळाला मी शेजारी ताट पाठवलं. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, वर क्रोशाचा रुमाल. चतुर्थीला त्यांच्याकडून ताट आलं. पण एकदाही कोणाला म्हटलं नाही की चल माझ्याबरोबर इगर्जीत (चर्चमध्ये), मध्यरात्रीच्या मिसेला (प्रार्थनेला). वाटायचं, नको, मैत्री आहे ती राहू दे.

२०२४ मध्ये जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शवप्रदर्शन झालं ना, २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी. समोरच्या फ्लॅटमधले शेजारी मला म्हणाले, "अंकल, इतकी वर्षं वाट बघतो, तुम्ही कधी न्याल म्हणून." मला लाज वाटली बाय. आम्ही गेलो, ऊन होतं, रांग लांब. त्या शेजाऱ्याने मला विचारलं, तुम्ही सायबाकडे काय मागता? चाळीस वर्षं मी तारवटी, बोटीवर देश देश फिरलो, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. रांगेत उभा राहून मी त्याला माझ्या धाकट्या मुलाचं सगळं सांगितलं. बायकोला पण तेवढं सांगितलेलं नाही.

ए-४०२, १०.२५
अंकल, वाचून खूप बरं वाटलं. ताई, मी खरंच विचारतो. माझ्या ऑफिसात एक मित्र आहे, जेवायला रोज एकत्र बसतो. वडील गेल्यापासून शांत असतो. त्याला नाताळच्या भक्तीला बोलवावं असं मनात आहे. कसं विचारू? मी म्हणून तर सगळीकडे फॉरवर्ड टाकले, एकाला तोंडावर विचारायची हिंमत होत नाही.

ताई (बी-२०४), १०.४१
दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला माझे ते तीन आठवडे आठवले.

आधी त्याच्या वडिलांबद्दल विचारा आणि ऐका. त्या दिवशी बोलवू नका. दुःखात माणूस कशालाही हो म्हणतो, आणि त्या हो चा फायदा घ्यायचा नसतो. दोन-चार दिवसांनी त्याला एकट्याला विचारा. चारचौघांत विचारलं तर तो संकोचाने येईल किंवा संकोचाने टाळेल.

काय असतं ते नीट सांगा. दीड तास लागतो, गाणी असतात, वचन वाचतात, पाळक बोलतात. दानाची पेटी फिरते, पण पाहुण्याने त्यात काही टाकायचं नसतं. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेणं, असेल तर बसून राहिलं तरी चालतं, कोणी वळून बघत नाही. नवख्या माणसाला देवापेक्षा याचीच जास्त धास्ती असते, की उठायचं कधी, बसायचं कधी. त्याला आपल्या शेजारी बसवा. पुढच्या बाकावर नाही. तुम्ही त्याला पैशाची किंवा कामाची मदत करत असाल, तर ती आणि हे कधी एका वाक्यात आणू नका. एका दिवसातही नको. लहान मुलांना तर आईवडिलांना विचारल्याशिवाय कधीच बोलवायचं नाही.

आणि तो का, असं विचारेल. तेव्हा पाठ केलेलं काही सांगू नका. तुम्हाला येशूपाशी काय मिळालं तेवढंच सांगा, दोन वाक्यांत सांगता आलं तर उत्तम. योहानाच्या शुभवर्तमानात फिलिप्प नथनेलला येशूबद्दल सांगायला जातो. नथनेल म्हणतो, नासरेथातून काय चांगलं निघणार? फिलिप्प वाद घालत नाही. त्याच्याकडे बहुधा उत्तरही नसावं. तो म्हणतो, "येऊन पाहा." मला हा फिलिप्प फार जवळचा वाटतो.

सर (ए-३०३), १०.५५
ताई, मग रेव्हरंड ना. वा. टिळकांचं काय? मी त्यांच्या कविता शिकवल्या आहेत. १८९३ साली आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला, वाचा म्हणाला. साधंच आमंत्रण. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आणि लक्ष्मीबाई? त्यांच्यावर आभाळ कोसळलं. नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले. त्या गाडीतल्या माणसाला हे ठाऊक तरी होतं का?

ताई (बी-२०४), ११.१०
नसेल, सर. तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. माझ्या पणजीने लक्ष्मीबाईंसारखंच भोगलं. बाप्तिस्म्यानंतर तिचं माहेर तुटलं, ते तिच्या मरणापर्यंत. आमच्या घरात ती गोष्ट अभिमानाने सांगतात, पण ती सांगताना आई रडायची.

लक्ष्मीबाईंबद्दल मात्र एक सांगते. त्या पुढे ख्रिस्ती झाल्या त्या नवऱ्याच्या सांगण्याने नाही, स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला. टिळकांनी तेवढी वाट पाहिली. आणि टिळक स्वतः म्हणत की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. कोणी त्यांचा तुकाराम काढून घेतला नाही. मला जेव्हा कोणाला बोलवायचं असतं, तेव्हा त्या माणसाच्या घरात कोण कोण आहे, हे मी आधी डोळ्यांपुढे आणते. पुढच्या वर्षी वहिनी यायच्या होत्या तेव्हा त्यांच्या यजमानांनाही विचारलं होतं. लपून नाही.

वहिनी (बी-२), ११.१३
खरं आहे. हे म्हणाले, तू जा, मी मुलीला सांभाळतो.

सर (ए-३०३), ११.२१
हं. ते मला ठाऊक नव्हतं.

रविवार, ७ डिसेंबर

सेक्रेटरी (ए-१०१), सकाळी ७.५०
काल रात्रीची चर्चा आत्ता पूर्ण वाचली. ग्रुपवर धार्मिक फॉरवर्ड नकोत, हा नियम राहील. पण एकमेकांच्या दारात जाऊन कोणाला काय विचारावं, यावर सोसायटीचा काही नियम नाही. टँकर आज दहाला येईल, गेटसमोरच्या गाड्या हलवा.

ए-४०२, ८.०२
मी हलवतो. ताई, मित्राशी काल रात्रीच फोनवर बोललो. तुम्ही म्हणालात तसं फक्त वडिलांबद्दल. तास गेला. बाकीचं अजून विचारलं नाही.

सर (ए-३०३), ८.३०
ताई, मी काही येणार नाही, हे आधीच सांगतो. पण आमची ही रात्री सगळं वाचून म्हणाली, मराठीत अभंगासारखी गाणी म्हणतात तर मला ऐकायची आहेत. २१ तारखेला, रविवारी आहे ना? मी तिला सोडायला येईन, बाहेर गाडीत थांबेन. तिचे गुडघे दुखतात. पायऱ्या किती आहेत?

ताई (बी-२०४), ८.३३
पुढून दहा आहेत सर. मागच्या दाराला एकही नाही, तिथून नेते मी काकूंना. संध्याकाळी सहाला सुरू होतं, मी पावणेसहाला दारात उभी असेन. आणि मागच्या अंगणात आंब्याखाली बाक आहे. गाडीत उकडेल, तिथे बसा. चहा मी तिथेच पाठवते.