वडिलांना बॅले दाखवायचा आहे (लंडन) : कोणता बघू, कुठे बसू?

रेडिंगची_राधिका
मार्चमध्ये बाबा कोल्हापूरहून येतायत, एप्रिलअखेर परत. मी भरतनाट्यम शिकलेली, इथे आल्यापासून बॅलेचं वेड लागलंय. एकदा तरी बाबांना रॉयल ऑपेरा हाउसला शेजारी घेऊन बसायचं आहे. पण बाबा तालमीतले. खासबागेत कुस्त्या असल्या की घरचं कार्यही सोडून जाणारे. नाचात रस नाही, इंग्रजी जुजबी, गुडघे दुखतात. नुसतं ओढून न्यायचं नाहीये, त्यांनाही काही मिळायला हवं. त्या दिवसांत ‘जिझेल’ आणि ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आहेत. दोघांचं मिळून बजेट ८० पौंड.

पिनरकर
८० विसरा. स्टॉल्समध्ये, म्हणजे खाली रंगमंचासमोर, मधोमध बसा. आम्ही सासूबाईंना तिथेच बसवलं, त्या अजून सांगतात सगळ्यांना. आयुष्यात एकदाच नेणार ना? वरून चेहरे दिसत नाहीत.

तिसरी_घंटा
पहिला बॅले ‘नटक्रॅकर’च. चायकोव्हस्कीचं संगीत, दोनच अंक, आमची मुलंसुद्धा हलली नाहीत.

रेडिंगची_राधिका
तो नाताळात असतो हो. बाबा एप्रिललाच परत जाणार.

तिसरी_घंटा
मग डिसेंबरात बोलवा. थंडी सोसेल त्यांना, तालमीतले आहेत.

लेस्टरचा_मिलिंद
रोमिओ, दुसरा विचारच नको. नृत्यदिग्दर्शक मॅकमिलनचा १९६५ चा बॅले, पहिल्या प्रयोगात फॉन्टेन आणि नुरेयेव्ह ही गाजलेली जोडी नाचली होती. भर बाजारात तलवारबाजी, दोन घराण्यांचं वैर, प्रोकोफिएव्हचं दणदणीत संगीत. कुस्ती बघणाऱ्या माणसाला हेच आवडणार.

चक्रधार
‘स्वान लेक’ असेल तेव्हा न्या. काळ्या हंसिणीचे सलग ३२ फुएटे, म्हणजे गिरक्या, एका पायावर! ताकद म्हणजे काय ते बाबांना कळेल.

ततकार
कथकचे चक्कर बघा आधी, ३२ चं कौतुक कमी होईल.

चक्रधार
कथकमध्ये टाच जमिनीवर टेकलेली असते. इथे चवड्यावरून वर चढायचं, परत खाली, पुन्हा वर. तुलनाच होत नाही.

ततकार
पायात घुंगरांचं वजन आणि तबल्याशी हिशेब, तो कोण धरणार? शिवाय बॅलेवाल्यांनाही आपल्याकडून घ्यावंसं वाटलं होतंच. १९२३ मध्ये कॉव्हेंट गार्डनला, म्हणजे याच रॉयल ऑपेरा हाउसमध्ये, रशियन बॅले नर्तकी पाव्हलोव्हाबरोबर आपले नर्तक उदय शंकर कृष्ण म्हणून नाचले. बाबांना हे जरूर सांगा, त्या वास्तूबद्दल आपुलकी वाटेल.

वरच्या_मजल्यावरून
मी कायम ॲम्फिथिएटरमध्ये, म्हणजे सगळ्यात वर बसते आणि पैसे असले तरी तिथेच बसेन. समूहनृत्याच्या रांगा, वर्तुळं, तिरके छेद वरूनच नीट दिसतात. ‘जिझेल’चा दुसरा अंक तर त्यासाठीच बघावा. फक्त बाजूच्या स्वस्त सीट टाळा, रंगमंचाचा एक कोपरा कापला जातो. लिफ्ट आहे, पण आतल्या पायऱ्या उभ्या आहेत. गुडघ्यांसाठी रांगेच्या टोकाची सीट घ्या. लवकर पोचा, उशीर झाला की लगेच आत सोडत नाहीत.
आणि हाताच्या खुणा घरीच दाखवून ठेवा. डोक्यावर हात एकमेकांभोवती फिरवले की नाच, अनामिकेकडे बोट म्हणजे लग्न, मुठी मनगटांशी एकमेकींवर ठेवून खाली आणल्या की मरण. एवढ्यावर गोष्ट कळते, इंग्रजी लागत नाही.

पिनरकर
तरी स्टॉल्सच.

हॅरोची_मंजू
तिकीट थेट थिएटरच्याच साइटवर काढा. मी दुसऱ्याच एका साइटवर दुप्पट पैसे मोजले आणि समोर खांब. तक्रारीला उत्तरसुद्धा नाही.

लेस्टरचा_मिलिंद
रोमिओला तीन अंक, दोन मध्यंतरं, तीनेक तास लागतात हे धरून चाला. पण रोमिओच.

रेडिंगची_राधिका
सगळ्यांचे आभार. काल बाबांना फोनवर दोन्ही गोष्टी सांगितल्या. रोमिओबद्दल म्हणाले, “ठरवून केलेली मारामारी बघायला एवढ्या लांब कशाला यायचं?” ‘जिझेल’ मात्र पुन्हा सांगायला लावली. फसवणुकीने मेलेल्या पोरींची भुतं पुरुषांना मरेपर्यंत नाचवतात, आणि जिझेल त्या आल्ब्रेख्टला, ज्यानं तिला फसवलं त्यालाच, उजाडेपर्यंत सांभाळते. बाबांचा प्रश्न : “दम किती वेळ टिकतो त्या गड्याचा?” दुसऱ्या अंकात आल्ब्रेख्ट खाली न थांबता एकसारखा सरळ वर उडत राहतो, पाय हवेत आपटत, ते सांगितलं. म्हणाले, “ते बघू.”
‘जिझेल’च काढलं. ॲम्फिथिएटर, मधला भाग, रांगेच्या टोकाच्या दोन, ८६ पौंड. एकच मध्यंतर, त्यामुळे गुडघेही निभावतील.

लेस्टरचा_मिलिंद
चुकलात. परत घेत असतील तर बदलून रोमिओ घ्या.

वरच्या_मजल्यावरून
अजिबात बदलू नका. बाबांसाठी दुर्बीण मात्र घरूनच न्या.